दादरच्या समुद्राला मी नाही म्हटलं होतं

समुद्र बघायला कोकणातून मुंबईला कुणी जात नाही. मी गेले, तेही चुलतभावाने तिकीट काढून बोलावलं म्हणून.

वेंगुर्ल्याच्या बाजूला आमच्या किनाऱ्यावर मी आणि माझा नवरा पाहुण्यांना सर्फिंग शिकवतो. म्हणजे फळीवर पोटावर पडायचं, लाट पाठीशी आली की उभं राहायचं आणि तिच्याबरोबर किनाऱ्याला यायचं. कर्नाटकातला एक शिक्षक आमच्या घरी दोन हंगाम मुक्कामाला होता, त्याच्याकडून आम्ही शिकलो. रोज सकाळी मी फोनवरच्या ग्रुपवर चार ओळी टाकते: लाट कशी आहे, वारा कुठून आहे, भरती कधी, नवशिक्यांनी आज उतरावं की नाही. आजूबाजूचे हॉटेलवाले त्यावर पाहुण्यांचा दिवस ठरवतात. मी 'नको' लिहिलं की का म्हणून कुणी विचारत नाही. इतकी वर्षं असं चालल्यावर आपल्या शब्दाला वजन आहे असं वाटायला लागतं. हा गैरसमज घेऊन मी मुंबईत उतरले.

गुरुवार, परळ

दिनूदादा म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा मुलगा. काका गिरणीत होते. गिरणी गेली, तिच्या जागेवर टॉवर उभा राहिला आणि त्या टॉवरच्या गेटवर दिनूदादा सिक्युरिटी सुपरवायझर झाला. मग एजन्सी बदलली. नव्या एजन्सीला तरुण माणसं हवी होती. तेव्हापासून दादा घरी होता. घरी म्हणजे परळच्या चाळीत, गॅलरीत स्टूल टाकून.

वंदनावहिनीने बांगड्याचं तिखलं केलं होतं. त्रिफळं गावाहून मीच नेली होती, ती तिने अगदी बेताने घातली होती, पुढच्या वेळेला उरावीत म्हणून. मासे बर्फातले होते, पण ते मी बोलले नाही. बोलले असते तर दादाला लागलं असतं, आणि त्या दिवसांत त्याला काहीही लागायचं.

जेवता जेवता त्याने बेत सांगितला. दादर चौपाटीवर आपल्या एरियातल्या मुलांसाठी सर्फिंगचा क्लास. गणपती मंडळाचे अध्यक्ष भाऊ पाठीशी आहेत, फळ्या आल्या आहेत, टी-शर्ट छापून झाले आहेत. रविवारी पहिला दिवस. तो नीट पार पडला की क्लासचा इनचार्ज म्हणून दादा कायमचा.

"फक्त तू एकदा समुद्र बघ आणि ओके बोल. भाऊ बोलले, कोणीतरी जाणकार माणूस पाहिजे. मी बोललो, माझी बहीणच आहे की!"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"का म्हणशील?" तो हसला. "हे बघ, अ‍ॅपवर पण हिरवं आहे."

त्याने फोन पुढे केला. लाटांचा अंदाज देणारं अ‍ॅप होतं. दादरपुढे हिरवा गोल, आणि खाली: लहान लाट, वाळूचा तळ, नवशिक्यांसाठी योग्य.

"तुला पोहता येतं का रे?" मी विचारलं.

"अगं, आपण कोकणातले. आपल्याला समुद्र काय शिकवायचा?"

आमचं मूळ गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. तिथून समुद्रावर जायला एसटीने दीड तास लागतो. आमच्या आजोबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईत, नोकरीला आल्यावर. मी समुद्राला लागले ती लग्न करून. पण परळ-लालबागमध्ये कोकणातलं म्हटलं की जन्मतः पोहता येतं अशी समजूत आहे, आणि ती सगळ्यात पक्की असते ती कधी गुडघ्याच्या वर पाण्यात न गेलेल्या माणसाची. वहिनी खाली बघून भात कालवत राहिली. तिला हे माहीत होतं असं मला वाटतं.

शुक्रवार, दादर चौपाटी

सकाळी ओहोटीला दादा आणि मी गेलो. ऑक्टोबर लागला होता, गणपती जाऊन थोडेच दिवस झाले होते. पाऊस संपलेला, पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे हळू वाहत होता, त्यामुळे लाटेचं तोंड गुळगुळीत होतं. खरं सांगायचं तर लाट बघून मी खूश झाले. वरळीच्या आणि वांद्र्याच्या मध्ये समुद्र आत शिरलाय, त्यामुळे मोठं काही इथवर पोचत नाही. गुडघ्याएवढी लाट यायची, उतारावर अदबीने फुटायची आणि पांढरी होऊन पायाशी यायची. समोर सी-लिंक, मागे शिवाजी पार्काच्या बाजूच्या इमारती, आणि मधे ही गरीब स्वभावाची लाट. अ‍ॅप खोटं बोलत नव्हतं. आमच्याकडे असती तर मी पाच वर्षांच्या पोरालाही फळीवर ठेवलं असतं.

पण अ‍ॅप वरून बघतं. तळ बघायला पाण्यात उतरावं लागतं.

आमच्याकडे नवी जागा धरताना ओहोटीला चालून बघतात. पाय उचलायचे नाहीत, वाळूवरून घासत न्यायचे, म्हणजे वाळूत लपलेलं पाकट, तो चपटा मासा, दचकून पळतं, त्याच्या शेपटीचा काटा बसत नाही. मी साडी खोचून तशी निघाले. किनाऱ्यावर फिरायला आलेल्या लोकांनी मला काहीतरी हरवलंय असं समजून दोनदा विचारलं. एका आजोबांनी तर माझ्याबरोबर शोधायलाही सुरुवात केली, काय ते न विचारता. मुंबईचा हा चांगुलपणा मला आवडतो, तो इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे फारसं चांगलं लिहायला मिळणार नाही.

जिथे शिकणारी मुलं फळीवरून पडणार, नेमक्या त्या पट्ट्यात माझ्या पायाला लोखंड लागलं. लाट मागे गेल्यावर दिसलं. सळ्यांचा सांगाडा होता, अर्धा वाळूत रुतलेला, वर टोकं आलेली. एका सळईला प्लास्टरचा गोळा चिकटून होता आणि त्यावर सोनेरी रंग. मोठ्या गणपतीच्या पायाचा भाग असावा. किनाऱ्यावर येतं ते पालिकेची माणसं उचलून नेतात, पण जे पाण्याखाली राहतं ते राहतंच.

मी दोन्ही हातांनी ओढून बघितलं. हललं नाही. दादाला हाक मारली. तो पाण्याच्या कडेला आला, सांगाडा बघितला, चपला काढून हातात घेतल्या आणि नमस्कार केला.

"वर नको काढूस," तो म्हणाला.

"का?"

"विसर्जन झालंय त्याचं. पाण्यात दिलेलं परत वर आणायचं नसतं."

"दादा, ही सळई आहे."

"बाप्पाची आहे."

"मुलांच्या पायात जाईल ही. पोटात जाईल पडली तर."

तो माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला, जणू मीच काहीतरी वंगाळ बोलले. "बाप्पा कुणाच्या पायात जाईल का गं?"

हे तो मला गप्प करायला बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. चिडून मी काय बोलले ते लिहीत नाही. आमच्या गावी गणपती शाडूचा, डोक्यावरून नेतात, पाण्यात तीनदा बुडवतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे नुसतं गढूळ पाणी असतं. तिथे 'परत वर आणू नये' म्हणायला अर्थ आहे, कारण आणायला काही उरतच नाही. दादाने तो नियम चाळीत तसाच आणून ठेवला होता, आणि मूर्ती मात्र वीस फुटांची झाली होती.

येताना शिवाजी पार्काजवळ त्याने मला पियुष पाजलं. स्वतः घेतलं नाही. "रविवारनंतर घेईन," म्हणाला.

शनिवार, लालबाग आणि गिरगाव

भाऊंचं ऑफिस लालबागला मसाल्याच्या दुकानांच्या मागे. आत शिरायच्या आधीच मिरच्यांच्या ठसक्याने मला शिंका सुरू झाल्या, त्यामुळे इतक्या महत्त्वाच्या माणसाशी माझी ओळख शिंकतच झाली. भाऊ वाईट माणूस नाहीत. त्यांनी पाणी दिलं, मिसळ मागवली, मिसळीत फरसाण जास्त टाकायला सांगितलं आणि मला सतत 'ताई' म्हटलं. मी काय सांगते ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. तेच जास्त वाईट.

"ताई, तुम्ही तज्ज्ञ. लाट कशी आहे ते सांगा."

"लाट चांगली आहे."

"वारा?"

"सकाळी चांगला. ऊन चढलं की समुद्राकडून येईल, मग पाणी खवळेल. पण सकाळी चांगला."

"मग झालं की!"

"तळ वाईट आहे. एक सांगाडा मला सापडला. न सापडलेले किती असतील?"

"फळी पाण्यावरून जाणार ना, ताई? तळाचा काय संबंध?"

"नवशिका पडतो. दहादा पडतो. पडायलाच आलेला असतो तो."

भाऊंनी दादाकडे बघितलं. दादाने मिसळीकडे बघितलं. मी म्हटलं, मंडळाची मुलं आहेत, दोर बांधून ओढून काढतील, सकाळभराचं काम. भाऊंनी दारात उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांना विचारलंही. कुणी पुढे आलं नाही. एक जण म्हणाला, "भाऊ, ज्याला नाचत नेलं त्याला दोर बांधून ओढायचा?"

"मग गिरगावला करा," मी म्हटलं. "मी बघून येते."

वहिनीला घेऊन टॅक्सीने गिरगाव चौपाटीला गेले. तिथला समुद्र म्हणजे ताटात वाढलेलं वरण. लाट नावालाही नव्हती. पण मुलांना फळीवर तोल सांभाळायला शिकवता आलं असतं, हळूहळू. तळ तिथेही चालून बघावा लागला असता, विसर्जन तिथेही होतंच. पण जागा ऐसपैस होती, स्वच्छ तुकडा शोधता आला असता. वाळूत बसून वहिनी आणि मी भेळ खाल्ली. लोक समुद्राकडे पाठ करून फोटो काढत होते. आमच्याकडे समुद्राला पाठ दाखवत नाहीत, लहान मुलांनाही पहिलं तेच शिकवतात. हे मी वहिनीला सांगितलं, तेव्हा ती एकदम म्हणाली, "तुझा दादा गॅलरीत बसला की मला घरात श्वास घेता येत नाही गं. तू हो बोल ना." आणि मग भेळेचा कागद चुरगाळून उठली.

भाऊंना फोन केला. ते म्हणाले, "गिरगाव आपला एरिया नाही, ताई. तिथे दुसऱ्याला विचारावं लागतं."

समुद्रालाही एरिया असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

संध्याकाळी दादाने सरळ विचारलं, "फायनल काय?"

"नाही," मी म्हटलं. "ती सळई निघेपर्यंत नाही. माझं नाव घालून करू नका."

"नाव नाही घालत," तो म्हणाला. "पण होणार रविवारी. भाऊंनी पाहुणे बोलावलेत."

मला राग आला होता. मला वाटलं होतं मी नाही म्हटलं की थांबेल. त्या 'नाही'साठी मला बोलावलंच नव्हतं.

रविवार, पुन्हा दादर

परतीची गाडी सोमवारची होती. नाहीतर मी शनिवारी रात्रीच निघाले असते, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे गेले नसते.

ओहोटी संपून पाणी भरायला लागलं होतं. त्या पाण्याने सांगाडा झाकला होता. भगव्या टी-शर्टमधली मुलं रांगेत बसली होती, आणि दादा गळ्यात शिट्टी अडकवून उभा. तो इतका ताठ उभा मी काकांच्या हयातीत बघितला होता, नंतर नाही.

एक बाई माझ्याजवळ आल्या. कांबळेताई, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या, परळच्या एका हॉस्पिटलात आया. रात्रपाळी करून तशाच आल्या होत्या. त्यांची मुलगी श्रावणी रांगेत होती. "तुम्हीच त्या कोकणातल्या का? दिनूभाऊ बोलतात तुमच्याबद्दल. मला एकच सांगा, तुमची मुलगी असती तर पाठवली असती?"

"नाही," मी म्हटलं, आणि का ते सांगितलं. जागा दाखवली.

तेवढ्या गर्दीत मला खरोखर विचारलं ते त्यांनी एकट्यांनी. त्यांनी रांगेतल्या श्रावणीकडे बघितलं. पोरगी टी-शर्ट खाली ओढून ओढून गुडघ्यापर्यंत आणत होती, आनंदाने नुसती डुलत होती. "आता हिला उठवू कशी?" कांबळेताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही तिथं उभ्या राहाल का? तुम्ही उभ्या असाल तर पाठवते."

मी पाण्यात शिरले. पायाने चाचपून सांगाडा शोधला आणि त्याच्या पुढे छातीभर पाण्यात उभी राहिले. मुलं येऊ लागली. कुणी या बाजूला वाहत आलं की मी दोन्ही हात वर करून ओरडायची, "इकडे नको! तिकडे! तिकडे जा!" सगळी सकाळ मी तेच केलं. एकदा लाटेने मला मागे रेटलं आणि सळईचं टोक नडगीत गेलं. पाण्यात रक्त किती आलं ते कळत नाही, फक्त गरम लागतं.

मुलांना मजा आली, हे लपवत नाही. श्रावणी चौथ्या की पाचव्या वेळेला उभी राहिली, क्षणभरच, आणि असं काही किंचाळली की किनाऱ्यावरचे कावळे उडाले. कुणाला काही झालं नाही. पाहुण्यांनी भाषण केलं, भाऊंच्या माणसाने फोटो काढले, वडापाव वाटले. मी बाहेर आले तेव्हा दादा धावत आला. माझी नडगी बघून म्हणाला, "अगं, लागलं का? जपून नाही का उभं राहायचं?"

मी त्याला म्हटलं, "कशाने लागलं ते विचार."

त्याने विचारलं नाही. कांबळेताईंनी मला परळला त्यांच्या ओळखीच्या दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लावलं. जाताना माझा नंबर घेतला. "पुढच्या वेळेला विचारायला," म्हणाल्या.

सोमवार, आणि त्यानंतर

दादाचं काम पक्कं झालं. मला गाडीवर सोडायला आला तेव्हा लालबागच्या चिवड्याचं पुडकं हातात दिलं. तो गुणगुणत होता. वर्षभराने त्याला असं बघितलं आणि मला त्याचा हेवा वाटला नाही, पण आनंदही झाला नाही. मी म्हटलं, "दादा, पुढच्या रविवारच्या आधी ते काढा. नाहीतर उतरू नका. मी तिथे नसणार आहे."

"हो गं हो. टेन्शन नको घेऊस."

घरी आल्यावर मला एक नवी सवय लागली. सकाळी आमच्या किनाऱ्याच्या आधी मी दादरचा अंदाज उघडते. त्या आठवड्यात रोज तिथे हिरवा गोल होता. मी रोज दादाला 'आज नको' पाठवत होते, आणि तो रोज अंगठा पाठवत होता.

रविवारी सकाळी मी पाहुण्यांना पाण्यात घेऊन निघाले होते, तेवढ्यात फोन वाजला. कांबळेताई होत्या. मागे लाटांचा आवाज, शिट्टीचा आवाज, मुलांचा गलका.

"ताई, कुठे आहात? मी मघापासून शोधतेय. पाण्यात दिसत नाही तुम्ही."

"मी गावी आहे," मी म्हटलं. "सोमवारीच आले."

"असं कसं? नाक्यावर एवढा मोठा बॅनर आहे तुमचा. पाण्यात उभ्या आहात, दोन्ही हात वर करून, मुलांना बोलावताय. खाली लिहिलंय, कोकणच्या समुद्रकन्येसोबत लाटेवर स्वार व्हा. ते बघून तर मी श्रावणीला सोडली."

मी ओरडले, तिला बाहेर बोलवा, आधी बाहेर बोलवा. फोन तसाच चालू राहिला. त्या पाण्याकडे पळत होत्या, धापा ऐकू येत होत्या, मग त्यांनी मुलीच्या नावाने मारलेल्या हाका. माझ्यापुढे आमचा समुद्र होता, स्वच्छ, आणि पाहुणे फळ्या काखेत घेऊन मी काय सांगते याची वाट बघत होते. खूप वेळाने कांबळेताई परत फोनवर आल्या.

"आली बाहेर. काही नाही झालं." त्या दम घेत होत्या. मग म्हणाल्या, अगदी हळू, रागाने नाही, "ताई, येणार नव्हतात, तर फोटो कशाला दिलात?"